मोजेकाका

बालवाडीच्या त्या खोलीत कुठलीही नवी वस्तू आली की तिला आधी दाराजवळच्या बुटक्या टेबलावर थांबावं लागे. मणी असो, बाहुली असो की साधं डब्याचं झाकण, थेट मुलांच्या हातात काहीच जात नसे. टेबलावर जाड पुठ्ठ्याची एक नळी होती. जी वस्तू त्या नळीतून आरपार पडते ती मुलाच्या घशातही जाऊ शकते, म्हणून ती बाद. गाड्यांची चाकं हिसकून बघायची, दोऱ्या ओढून बघायच्या, रंगावर ओलं फडकं घासून फडक्याला रंग लागतो का ते बघायचं. आणि लाकडाच्या वस्तूंसाठी होता मोजेकाका.

मोजेकाका म्हणजे नायलॉनचा एक जुना, पातळ पायमोजा. त्याला शाईने दोन डोळे आणि एक तिरपं तोंड काढलेलं होतं. डोळ्यांना बटणं लावता आली असती, पण बटणं नळीत नापास. हा मोजा हातात घालायचा आणि लाकडावरून सगळीकडून फिरवायचा. लाकूड गुळगुळीत असेल तर मोजेकाका सरसर पुढे जाणार. कुठे कूस, म्हणजे लाकडाची टोकदार शीर वर आलेली असेल, बोटाला न कळण्याइतकी बारीक जरी असली, तरी तिथे नायलॉनचा धागा अडकणार. धागा अडकला की मुलं एका सुरात सांगत, मोजेकाकाला टोचलं. मग ती वस्तू टेबलाखालच्या निळ्या टोपल्यात जाई. त्या टोपल्याला मुलं दवाखाना म्हणत.

हे सगळे नियम बालवाडीच्या ताईंचे. ते पाळून घेणाऱ्या मावशी मात्र ताईंपेक्षा कडक होत्या. मुलांचे डबे उघडण्यापासून फरशी पुसण्यापर्यंत सगळं त्याच बघत, आणि त्यांच्या नजरेखालून माशीसुद्धा तपासणी झाल्याशिवाय आत जायची नाही. मोठमोठ्या दुकानांतून आलेली खेळणी त्यांनी तोंडावर परत पाठवली होती.

त्या टेबलावर न थांबता सरळ कपाटात जाणारं सामान एकाच माणसाचं होतं. ते म्हणजे मिस्त्री, ताईंचे सासरे.

मिस्त्रींनी सगळा जन्म सुतारकामात घालवला होता. कपाटं, पलंग, दारं, जिने. त्यांच्या हातचा खण एका बोटाने सरकतो असं लोक म्हणत आणि हे लोक म्हणतात असं मिस्त्री स्वतः सांगत. पुढे गुडघे आणि रक्तातली साखर या दोघांनी संगनमत करून त्यांना दुकान बंद करायला लावलं. त्यानंतर कित्येक महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसून होता. जेवलात का विचारलं तर हो म्हणायचा आणि ताट तसंच असायचं. मुलगा कामानिमित्त सदा बाहेरगावी, त्यामुळे ते बघायला लागलं सुनेला. मग एक दिवस सुनेने बालवाडीतला डगमगणारा बाक घरी आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, बाबा, एवढं जमेल का? जमेल का, हा शब्द त्यांना झोंबला. बाक संध्याकाळपर्यंत उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीही.

तेव्हापासून घरामागची बाल्कनी म्हणजे मिस्त्रींचा कारखाना झाली. तिथून एकेक वस्तू बालवाडीत जाऊ लागली. एकात एक बसणाऱ्या चकत्यांचा मनोरा, गोल-चौकोन-त्रिकोण बसवायची पाटी, मोजायला मासे, ओढायला बदक. लाकूड त्यांच्या जुन्या दुकानातलंच, तांबूस, कडक, वर्षानुवर्षं मुरलेलं. पहिल्याच खेपेला सुनेने भीत भीत त्यांना मोजेकाकाची ओळख करून दिली होती. मिस्त्री पोट धरून हसले होते. म्हणाले, "लाकूड तपासायला मोजा? उद्या दूध तपासायला चाळणी आणाल. अगं, या बोटांखालून गेलेलं लाकूड आहे ते." सून ओशाळली. मावशींना ती हळूच म्हणाली की बाबांचं सामान मी बघत जाईन. मिस्त्रींनी ते ऐकलं आणि त्याचा अर्थ असा लावला की आपलं सामान तपासायची गरजच नाही. पुढे चार ठिकाणी त्यांनी ते अभिमानाने सांगितलंही.

आता त्या बोटांबद्दल. मिस्त्री फक्त एवढंच कबूल करत की बोटांना अधूनमधून मुंग्या येतात. लाकूड चिकटवायच्या गरम सरसाचं भांडं उचलताना त्यांच्या अंगठ्याला मोठा फोड आला होता आणि तो आलेला त्यांना दुसऱ्या दिवशी दिसला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शर्टाची बटणं आता ते आरशात बघून लावत. डॉक्टरांनी साखरेमुळे असं होतं म्हणून समजावलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या टेबलाचा जोड किती वाईट आहे ते डॉक्टरांना समजावलं. हातातलं कसब गेलं तर मागे काय उरतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलेला तो म्हातारा उरतो. त्या म्हाताऱ्याची त्यांना फार भीती वाटायची.

मग एक दिवस मुलं घरी जायच्या वेळेला एक प्रसंग घडला. मिस्त्री त्या दिवशी खिडकीची कडी बसवायला आले होते आणि सूनबाई आजारी म्हणून तिच्या जागी बदली शिक्षिका होती. दारात आईवडील जमले होते. तेवढ्यात मुलांतली सगळ्यात लहान, जिला सगळे पिटुकली म्हणत, ती रडायला लागली. बोटात कूस गेली होती. मावशींनी तिला मांडीवर घेतलं, चिमट्याने कूस ओढून काढली आणि उजेडात धरली. मिस्त्री शेजारीच उभे होते. ती कूस त्यांनी पाहिली.

पाहिली, आणि रंग ओळखला. कूस तांबूस होती, त्यांच्या दुकानातल्या लाकडासारखी. पण हे त्यांना जेमतेम कळतंय तोवर तोंड बोलून मोकळं झालं होतं. खेळण्यातल्या स्वयंपाकघरात मावशींनी घरून आणलेले लाकडी चमचे होते, पांढऱ्या हलक्या लाकडाचे. मिस्त्रींनी त्यातला एक उचलला, सगळ्यांना दिसेल असा फिरवला आणि म्हणाले, "हे बघा, खोक्याचं लाकूड. मावशी, लाकूड पारखून आणायचं असतं. पोरांच्या हातात द्यायचंय ते, शेगडीत घालायचं नाही."

आईवडिलांनी मावशींकडे बघितलं. एका बाईने आपल्या मुलाचा हात जरा जवळ ओढला. मावशींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या चिमट्यातल्या कुसेकडे बघत होत्या, मग त्यांनी एकदा मिस्त्रींकडे बघितलं, आणि ती कूस कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकली. सगळे चमचे गोळा करून त्यांनी आपल्या पिशवीत भरले. मिस्त्री कडी बसवायला परत खिडकीकडे वळले. त्यांनी स्वतःला सांगितलं की उजेड कमी होता, पांढरं लाकूडही कधीकधी तांबूस दिसतं. ज्याने आयुष्यभर लाकडात हात घातला त्याने स्वतःला असं सांगणं म्हणजे सोनाराने पितळ सोनं म्हणून स्वतःलाच विकणं. पण ते विकलं गेलं, आणि घरी जाऊन त्यांनी जेवणही व्यवस्थित केलं.

पुढे काही दिवसांनी, एकदा खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, त्यांना मनोऱ्याच्या चकत्यांवर इतके दिवस नजरेत न आलेल्या आडव्या रेघा दिसल्या.

बोटं गेली तरी मिस्त्रींचे डोळे अजून शाबूत होते. लाकडाला रेषा असतात आणि पॉलिशपेपर नेहमी त्या रेषांच्या दिशेने मारायचा, हे सुतारकामातलं पहिलं अक्षर. आडवा मारला की बारीक ओरखडे उठतात आणि ते आयुष्यभर राहतात. इथे तर प्रत्येक चकतीच्या कडेला, बदकाच्या चोचीला, माशांच्या शेपट्यांना कुणीतरी पॉलिशपेपर आडवा घासला होता. वर लावलेलं मेण खरवडून गेलं होतं. मिस्त्रींनी एकेक वस्तू खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरली. एकही सुटली नव्हती.

त्यांचं डोकं असं फिरलं की साखर, रक्तदाब सगळं एकदम वर गेलं असणार. हे कुणी केलं ते त्यांच्या मते सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. मावशींनी चमच्यांचा सूड उगवला होता. रात्रभर त्यांनी मनातल्या मनात मावशींना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम घरी जायची वेळ साधून गेले. हातात नवी गोगलगाय होती. पाठीवर गोल शंख, पोटाखाली चाकं, ओढली की शंख फिरायचा. ती करायला त्यांना इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ लागला होता, आणि इतकी देखणी वस्तू आपल्या हातून आजवर झाली नाही असं त्यांचं स्वतःचंच मत होतं. आईवडील दारात होते. पिटुकली चप्पल उलट्या पायात घालत बसली होती. सूनबाई एकेका मुलाला नाव घेऊन सोडत होती. मिस्त्रींनी गोगलगाय बुटक्या टेबलावर ठेवली, कपाटातून चकती काढली आणि घसा साफ केला.

चांगल्या कामाची कदर नसलेल्या लोकांबद्दल ते बोलले. रेषेच्या आडवा पॉलिशपेपर मारणाऱ्याचा हात आणि अक्कल या दोहोंबद्दल बोलले. काही जणांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं म्हणून त्यांनी मावशींकडे बघितलं. दोन आया कौतुकाने मान हलवत होत्या, त्यामुळे ते जरा जास्तच बोलले. शेवटी म्हणाले की ज्याने हे केलं त्याने इथे सगळ्यांसमोर सांगावं.

"मी केलं, बाबा," सूनबाई म्हणाली.

सूनबाईने पुढे सांगितलं की चकत्यांना चकाकी फार होती, मुलांच्या हातून निसटत होत्या, म्हणून तिने कडा जरा घासल्या. आडवं-उभं तिला कळलं नाही. चुकलं. हे सगळं ती फरशीकडे बघत बोलली. मिस्त्रींचा राग आता कुणावर काढावा हेच त्यांना कळेना. मावशींसाठी तापवून आणलेलं लोखंड सुनेवर मारवेना, आणि तसंच हातात धरवेना. तरी ते म्हणालेच, की विचारायचं तरी होतंस, शिकली-सवरलेली पोर तू. तिच्याच वर्गातल्या मुलांच्या आईवडिलांसमोर म्हणाले. ती हो म्हणाली. पालक एकमेकांकडे बघत, मुलांना घाईघाईने चपला चढवत निघून गेले. पिटुकलीच्या चपला उलट्याच राहिल्या.

खोलीत तिघंच उरले, तेव्हा मावशींनी भिंतीच्या खिळ्यावरचा मोजेकाका काढला. सूनबाई पटकन म्हणाली, मावशी, नको. मावशी म्हणाल्या, "ताई, तुमच्यासाठी मी एकदा गप्प बसले. दोनदा नाही बसणार." आणि त्यांनी मोजा मिस्त्रींसमोर धरला. "घाला हातात. तुमची गोगलगाय तुम्हीच बघा."

मिस्त्रींनी हसायचा प्रयत्न केला. मोजा हातात चढवला. शंखावरून हात फिरवला आणि मोजा थांबला. बोटांना काहीच कळलं नाही. मनगटाला ओढ लागली तेवढीच, आणि डोळ्यांना दिसलं की एक धागा वर उचलला गेला आहे. त्यांनी सोडवला, दुसऱ्या बाजूने फिरवला. परत अडकला. शिंगांपाशी अडकला, पोटाखाली अडकला, चाकाच्या कडेला तर असा अडकला की सोडवताना मोज्याच्या तोंडाचा एक कोपरा उसवला. त्यांना वाटलं मोजाच जुना झाला असेल. त्यांनी तो टेबलावरून फिरवला. सरसर गेला. दुकानातून आणलेल्या ठोकळ्यांवरून फिरवला. सरसर गेला. परत गोगलगायीवर आणला आणि तो पहिल्याच वळणावर अडकला.

मग त्यांनी मोज्याकडे नीट पाहिलं. तो सगळीकडे धाग्यांनी उसवलेला होता, जुने ओढलेले धागे, त्यावर नवे.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

उत्तर मावशींनी दिलं. पहिल्या महिन्यापासून. मुलं गेली की ताई थांबतात. मिस्त्रींनी आणलेली प्रत्येक वस्तू मोज्याने बघतात, जिथे अडकेल तिथे घासतात, परत बघतात, आणि मगच कपाटात ठेवतात. घासायचं कसं ते त्यांना कुणी शिकवलेलं नाही आणि ज्यांना येतं त्यांना विचारायची सोय नाही. कूस गेली त्या दिवशी मिस्त्रींनी आणलेली एकच नवी चकती तपासायची राहिली. ताई आजारी होत्या आणि मिस्त्रींनी ती स्वतःच्या हाताने मनोऱ्यावर चढवली. पिटुकलीच्या बोटात गेली ती त्या चकतीची.

"ताईंना फोनवर सांगितलं मी," मावशी म्हणाल्या. "त्या रडल्या. म्हणाल्या, बाबांना कळू देऊ नका. म्हणून आजवर लोकांच्या नजरा सोसल्या मी. पण मिस्त्री, ती कूस तुम्ही पाहिली होती. मी तुमचं तोंड बघत होते तेव्हा."

मिस्त्रींना वाटलं होतं की ते फक्त त्यांनाच ठाऊक आहे. त्यांनी मोजा काढायला घेतला तर तो हातातून निघेना, घाई केली की आणखीच अडके. शेवटी सूनबाईने तो हळूहळू सोडवला. एवढा वेळ ते लहान मुलासारखा हात पुढे करून उभे होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना त्या दोन मिनिटांत समजलं. गोगलगाय टेबलावर तशीच सोडून ते घरी निघाले. सूनबाई मागून येत होती. ती थांबावी असंही त्यांना वाटेना आणि तिने गाठावं असंही वाटेना.

घरी येऊन ते बाल्कनीत बसले. पॉलिशपेपरचा एक तुकडा घेतला आणि रंधा मारलेल्या फळीचा एक तुकडा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, डोळे मिटले, हाताने त्यांची जागा अदलाबदल केली आणि बोटं टेकवली. एक खरखरीत, एक गुळगुळीत. कुठलं कुठे आहे ते त्यांना सांगता येईना. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा नाही. कसब गेल्याचं दुःख होतंच, पण त्या क्षणी दुःखापेक्षा लाज मोठी होती. बोटं बधिर झाली यात लाजण्यासारखं काही नव्हतं, ते कुणाचंही होऊ शकतं. पण लहान पोरीच्या बोटातून निघालेली आपली कूस त्यांनी दुसऱ्याच्या चमच्याला चिकटवली होती, तेही दहा लोकांसमोर, आणि वर त्याच बाईला मुसळ-कुसळ ऐकवलं होतं.

सूनबाई चहा घेऊन आली. कपाची मूठ तिने त्यांच्या हाताकडे वळवून ठेवली, आणि मिस्त्रींच्या आत्ता लक्षात आलं की ती रोजच तशी ठेवते. म्हणजे गरम कपाचा चटका बोटांना कळत नाही हेही तिला ठाऊक होतं.

ती म्हणाली, "बाबा, चूक तुमच्याइतकीच माझी आहे. तुम्ही परत खुर्चीत जाऊन बसाल याची मला इतकी भीती वाटली की पोरांच्या बोटांपेक्षा तुमचं मन जपलं मी. बाकी सगळ्यांच्या सामानाला नियम लावले आणि घरच्या सामानाला लावायची लाज वाटली. शिक्षिका म्हणून तोंड दाखवायला जागा नाही मला."

मिस्त्रींना तिला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. पण ज्याच्याकडे स्वतःसाठीच चांगला शब्द नाही तो दुसऱ्याला कुठून देणार? ते म्हणाले, पॉलिशपेपर नुसत्या बोटांनी धरतेस बहुतेक, ठोकळ्याला गुंडाळून धरावा. एवढंच म्हणाले. तिने डोळे पुसले आणि बरं म्हणाली.

सकाळी सूनबाई निघाली तेव्हा मिस्त्री दारात जोडे घालून तयार होते. बालवाडीच्या दारात तेच आईवडील होते, मुलांना सोडायला आलेले. कालच्या भाषणाची दुसरी फेरी असणार अशा समजुतीने दोघीतिघी थांबल्यासुद्धा. मिस्त्रींना घरी फिरून जावंसं वाटलं. तळहातांना घाम आला होता, निदान आला असावा, कारण हात पुसले तिथे विजारीला ओलसर डाग पडला. मावशी दाराशी डबे मोजून घेत होत्या. मिस्त्री त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मावशी," ते म्हणाले, आणि आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली. "मावशी, पिटुकलीला लागली ती कूस माझ्या लाकडाची होती. तुमच्या चमच्यांची नव्हती. मला तेव्हाच दिसलं होतं. दिसूनही मी तुमच्यावर ढकललं. माझ्या बोटांना आता काही कळत नाही. ते लपवण्यासाठी ढकललं."

कालच्या त्या माना हलवणाऱ्या आया आता जमिनीकडे बघत होत्या. मिस्त्रींना वाटलं होतं की बोलून टाकलं की हलकं वाटेल, लोक तसं म्हणतात. त्यांना काही हलकंबिलकं वाटलं नाही. उलट आता ते सगळ्यांच्या समोर उभे होते, आणि जायला जागा नव्हती. तुमचे चमचे परत आणाल का, असं त्यांनी विचारलं.

मावशींनी हातातला डबा खाली ठेवला. "चमचे घरी आहेत," त्या म्हणाल्या. "रोज त्यांनीच भाजी हलवते मी. लोकांना काळजी वाटत असेल म्हणून सांगते, अजून घरातल्या एकाही जिभेला कूस लागलेली नाही." कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशी मात्र हसल्या नाहीत. उद्या आणते, एवढं म्हणून त्या पुढचा डबा उघडायला वळल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत, आणि ते मागायची मिस्त्रींची हिंमतही नव्हती.

आत गोगलगाय निळ्या टोपल्यात पडली होती. मिस्त्री बुटक्या टेबलापाशी गेले आणि गुडघे कुरकुरत असताना मुलांच्या उंचीच्या स्टुलावर बसले. त्यांनी सूनबाईला सांगितलं की आजपासून माझं सामान याच टेबलावर येईल, सगळ्यांच्या देखत, आणि मोजा मावशींच्या हातात असेल. जे अडकेल ते मी इथेच बसून घासेन, रेषेच्या दिशेने. सूनबाईने मान हलवली.

तोवर पिटुकली चप्पल काढून आली होती. तपासणीत मावशींना मदत करायची पाळी रोज एका मुलाची असे, आज ती तिची होती. तिने खिळ्यावरून मोजेकाका मागून घेतला आणि कोपरापर्यंत हातात चढवला. टेबलावर तपासायला काहीच नव्हतं. होता तो मिस्त्रींचा हात, तळवा वर करून ठेवलेला, आयुष्यभराच्या घट्ट्यांनी आणि भेगांनी भरलेला. तिने मोजा त्या तळव्यावरून फिरवला. मोजा अडकला. तिने जरा ओढला, तो आणखी अडकला.

"टोचलं," पिटुकलीने गंभीरपणे जाहीर केलं.

आणि मग वर्गातल्या नियमाप्रमाणे तिने मिस्त्रींचं एक बोट धरून तो हात टेबलाखाली नेला आणि दवाखान्यात, निळ्या टोपल्यात, गोगलगायीच्या शेजारी ठेवला. मिस्त्रींना त्यासाठी बरंच वाकावं लागलं. टोपल्याच्या तळाला हात टेकला की नाही ते त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी खाली वाकून पाहिलं. सगळी मुलं बघत होती, दारातले आईवडील बघत होते, हातात डबा घेऊन मावशीही थांबल्या होत्या. मिस्त्रींनी हात बाहेर काढला नाही.